अजिंक्यताऱ्यावर सुरुंगाने उडालेला बुरूज नेमका कुठला? मुलगा आणि सासऱ्यांना घेऊन जायचंय

गावभागातली (सांगली)

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात साताऱ्याला नणंदेच्या घरी बारसं आहे. त्याला लागून एक दिवस मोकळा काढलाय, तो किल्ल्यासाठी.

मुलगा सातवीत आहे. इतिहासात त्यांना मराठ्यांचं स्वातंत्र्ययुद्ध आहे. बाईंनी वर्गात औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला घातलेल्या वेढ्याची गोष्ट सांगितली तेव्हापासून त्याने एकच धोशा लावलाय: सुरुंग लावून तट उडवला ती जागा मला बघायचीच. त्याने वहीत किल्ल्याचं चित्र काढून तिथे लाल फुली मारलीय, पण फुली योग्य जागी आहे का हे आम्हां कोणालाच सांगता येत नाही.

बरोबर सासरे आहेत, वय चौऱ्याहत्तर, उजवा गुडघा साथ देत नाही. पण अशा ठिकाणी त्यांना मागे ठेवून गेलेलं त्यांना चालत नाही. आमच्या इथल्या गणेशदुर्गातल्या तुरुंगातून २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार कसे निसटले, तटावरून खंदकात उड्या कशा टाकल्या, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गोळीबारात कसे गेले, हे ते नातवाला घरी बसून कधीच सांगत नाहीत. हात धरून त्या तटापाशी नेतात आणि तिथे उभं राहून सांगतात. त्यांना हे सगळं त्यांच्या वडिलांनी असंच तिथे नेऊन सांगितलं होतं.

यांचे एक मित्र म्हणाले, "अजिंक्यताऱ्यावर काय आहे? दोन टॉवर आणि गवत. त्यापेक्षा कासला जा." तेवढ्याने मुलाचं तोंड उतरलं. तर विचारायचं असं की तो बुरूज नेमका कुठे आहे, आज तिथे काही दिसतं का, सासऱ्यांना कुठपर्यंत नेता येईल, आणि चार भिंती हे स्मारकही त्याच दिवशी होईल का?

माचीपेठेतली

ताई, जरूर या. मी किल्ल्याच्या पायथ्यालाच राहते, सकाळी फिरायला त्याच रस्त्याने जाते. गाडी वर दरवाजाच्या जवळपर्यंत जाते, त्यामुळे सगळा डोंगर चढायचा प्रश्न नाही. तिथून दरवाजापर्यंत थोड्या पायऱ्या आहेत. सासऱ्यांना कठडा मिळेलच असं नाही, म्हणून काठी आणि एका माणसाचा आधार हवा. दरवाजातून आत आलं की उजव्या हाताला मारुतीचं देऊळ आहे. तिथे सावलीत निवांत बसता येतं. पुढचं चालणं त्यांनी तिथे ठरवावं, आधी नको.

पाणी घरून भरून न्या. सकाळी लवकर निघा. दहानंतर वर ऊन फार लागतं, आणि संध्याकाळी इतकी गर्दी असते की म्हाताऱ्या माणसाला सावकाश चालता येत नाही.

चार भिंती त्याच दिवशी सहज होईल, ते किल्ल्याच्याच उतारावरच्या टेकाडावर आहे. आणि तुमच्या सासऱ्यांचं ऐकून मला वाटतं, त्यांच्यासाठी तीच खरी जागा आहे. प्रतापसिंह महाराजांच्या काळात दसऱ्याची मिरवणूक तिथून बघता यावी म्हणून ती बांधली. आज ते १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. रंगो बापूजी गुप्ते यांचं नाव त्यांना ठाऊक असेलच. इंग्रजांनी १८३९ मध्ये प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी विलायतेला गेले आणि वर्षानुवर्षं तिथे खेटे घालत राहिले. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. १८४८ मध्ये इंग्रजांनी राज्यच खालसा केलं. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परत आले, आणि इथे येऊन त्यांनी इंग्रजांविरुद्ध उठावासाठी माणसं जमवली.

कट फुटला. ८ सप्टेंबर १८५७ ला गेंडामाळावर सतरा जणांना मारलं. पाच जणांना फाशी, सहा जणांना तोफेच्या तोंडी, सहा जणांना गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. प्रभू होते, ब्राह्मण होते, मराठे होते, रामोशी होते. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. आमच्या पेठेत माझी आजी अजूनही त्यांचा विषय निघाला की आवाज खाली आणते, इतक्या वर्षांनी कोणी ऐकेल अशी भीती नाही तरी.

बुरुजाचं मात्र मला नीट सांगता येणार नाही. इथे विहीरवाले काका आहेत, ते सांगतील. काका, बघताय ना?

विहीरवाला (सातारा)

बघतोय, पोरी.

सांगलीच्या ताई, मी विहिरी पाडायच्या धंद्यात आयुष्य काढलं. कोरेगाव, खटाव, माण, जावळी, जिथे बोलावलं तिथे. सुरुंग लावणं हे माझं पोटापाण्याचं काम. म्हणून या जागेवर माझा जीव आहे, आणि म्हणून जरा लांबण लावतो.

आधी रस्ता. दरवाजाचे दोन्ही बुरूज शाबूत आहेत. आत मारुती, पुढे डाव्या अंगाला महादेव, समोर प्रसारभारतीचं केंद्र, त्याच्या मागे टॉवर. बहुतेक लोक इथेच फोटो काढतात, मागे फिरतात, आणि खाली येऊन सांगतात की वर काही नाही. तुम्ही तिथे थांबू नका. मंगळादेवीकडे जाणारी वाट धरा. वाटेत ताराराणींच्या वाड्याचे अवशेष लागतात, एक कोठार लागतं. वाट संपते तिथे मंगळाईचं देऊळ, आणि देवळासमोर मंगळाईचा बुरूज. किल्ल्याचा ईशान्येचा कोपरा. मुलाला सांगा, लाल फुली तिथे.

आता तिथे उभं राहून त्याला काय दाखवायचं ते सांगतो. आधी उत्तरेला खाली करंजे दाखवा. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाचा स्वतःचा तळ तिथे पडला होता. शहाजादा आझम पश्चिमेला होता, त्याच्यावरून तिथल्या गावाला शहापूर नाव पडलं. दक्षिणेला शिर्झेखान. आणि पूर्वेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताच्या उताराला, तोफखान्याचा मुख्य तर्बियतखान. चारी बाजू बंद. आत किल्ला लढवणारा प्रयागजी प्रभू, शिवाजी महाराजांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्याने तटावरून नुसत्या तोफा डागल्या नाहीत, मोठमोठे धोंडे उतारावर सोडले. खालून चढणाऱ्याला तोफेपेक्षा धोंड्याची धास्ती जास्त, हे कोणत्याही खाणीत काम केलेला सांगेल. गोळ्याची दिशा तरी कळते. उसळत येणारा धोंडा कुठे वळेल याचा नेम नाही.

रसद परळीच्या किल्ल्यावरून, म्हणजे आजच्या सज्जनगडाहून, परशुराम त्रिंबक पोचवत होते. बुरुजावरून निघताना दक्षिणेच्या तटाकडे चक्कर मारली तर सज्जनगड दिसतो, तोही दाखवा. दोन किल्ल्यांमधलं अंतर डोळ्यांनी बघितलं की धान्याचं एकेक पोतं वेढ्यातून आत आणणं म्हणजे काय, हे पोराला न सांगता कळेल. आणि हे सगळं चालू असताना मार्च १७०० च्या सुरुवातीला सिंहगडावर राजाराम महाराज वारले. राजा गेला, तरी या किल्ल्यावरच्या माणसांनी दार उघडलं नाही. मला या वेढ्यातलं सगळ्यात मोठं हेच वाटतं. सुरुंगाची गोष्ट सगळे सांगतात, ही कोणी सांगत नाही.

आता सुरुंग. कॉम्प्रेसर यायच्या आधी आम्ही पहारीने भोक पाडायचो. एक जण पहार धरून फिरवायचा, दुसरा वरून घण घालायचा. मुरमात काम सरकतं. खाली काळा पाषाण लागला की दिवस मावळला तरी भोक हातभर जात नाही. पहार तापते, तिचं तोंड बोथट होतं, भोकात पाणी घालायचं, चिखल काढायचा, पुन्हा घण. ते सुद्धा सरळ खाली, आणि वरून कोणी दगड टाकत नसताना. तर्बियतखानाच्या माणसांनी ते कड्याच्या पोटात आडवं खणलं, डोक्यावर शत्रू बसलेला असताना. शत्रूच्या बाजूचे असले तरी खणणारे हात गरीब मजुरांचे होते, त्यांचंही नाव कुठे नाही.

भोक झालं की दारू भरायची आणि वर माती ठासायची. ठासणी कच्ची राहिली तर सगळा जोर भोकातून उलटा निघून जातो, दगड जागचा हलत नाही. ठासणी पक्की असली की जोर अडतो, वाट शोधतो, आणि जिकडे भार कमी तिकडे फोडून निघतो. विहिरीत माणसं कुठे उभी करायची हे आम्ही त्यावरूनच ठरवायचो. बार द्यायच्या आधी मी स्वतः काठावर फिरून एकेकाला मागे लोटायचो. बघायला म्हणून पुढे येणारा माणूस हा सगळ्यात मोठा धोका असतो.

१३ एप्रिल १७०० ला नेमकं तेच घडलं. दोन सुरुंग तयार होते. बादशहा स्वतः बघायला येणार म्हणून लवाजम्यासह मिरवणुकीने निघाला. तो थाट बघायला किल्ल्यातली माणसं तटावर गोळा झाली. पहिला बार उडाला, तट फुटला आणि आतली कितीतरी माणसं दगडांखाली गेली. प्रयागजी प्रभूही ढिगाऱ्याखाली गाडला गेला. त्याला उकरून काढलं तेव्हा तो जिवंत होता. खाली मोगलांचं पायदळ खिंडारातून घुसायला दाटीवाटीने उभं होतं. तेवढ्यात दुसरा बार उडाला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि तट बाहेरच्या अंगाला त्यांच्याच अंगावर कोसळला. दीड ते दोन हजार माणसं गेली असं सांगतात.

ही दैवाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. मी त्या बुरुजावर उभा राहतो तेव्हा मला त्यात धंद्यातला हिशोब दिसतो. आतल्या बाजूला भराव आहे, डोंगराचा भार आहे. बाहेरच्या बाजूला उतार आणि मोकळं. अशा जागी दारू जास्त भरली तर दगड बाहेरच जाणार. माझ्या मते तर्बियतखानाला किंवा त्याच्या कारागिराला हे कळत होतं, पण बादशहा बघायला येतोय म्हटल्यावर माणसं मागे घ्या असं सांगायची कोणाची छाती झाली नसावी. हा माझा अंदाज आहे, पण बार देताना साहेबलोक शेजारी येऊन उभे राहिले की काय होतं ते मी बघितलंय.

त्यानंतरही किल्ला लगेच पडला नाही. दाणागोटा आणि दारू संपली तेव्हा, २१ एप्रिलला, किल्ला मोगलांच्या हाती गेला. त्यांनी नाव ठेवलं आझमतारा. ताराराणींच्या फौजेने तो परत घेतला आणि अजिंक्यतारा झाला. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला, पण ते पुस्तकात आहेच.

आज काय दिसतं? ताई, फलक-पुतळ्याच्या आशेने जाऊ नका. नंतरच्या काळात तटाची डागडुजीही झालेली असणार, त्यामुळे दिसेल तो प्रत्येक दगड १७०० चाच असं मी म्हणणार नाही. पण ढासळलेल्या भागातल्या चिऱ्यांची मागची बाजू बघा. दर्शनी बाजू घडवलेली, सपाट. मागची बाजू ओबडधोबड, आणि तिच्या खाचेत चुना अजून धरून बसलेला. मुलाला त्याच्यावर बोट फिरवू द्या, खरवडू नका. बोटाला बारीक वाळू लागते. तो चुना घाण्यावर मळणारा माणूस आणि तो तट फोडणारा माणूस, दोघांच्या कामाची खूण एकाच दगडावर आहे.

कडेला मुलाचा हात सोडू नका. गवताखाली कडा कुठे संपतो ते कळत नाही.

कृष्णाकाठ (कराड)

काका, वाचून अंगावर काटा आला. पण एक मनापासून विचारतो. एवढा मोठा इतिहास, आणि तिथे गेलं की पडका तट आणि झुडपं. बाहेरगावचा माणूस नेला की वाईट वाटतं. तो बुरूज पुन्हा होता तसा बांधून काढायला नको का? पोरांना भव्य काही दिसलं तर त्यांच्या मनावर ठसेल. चार भिंतीला निदान स्मारक म्हणून नेमकी जागा आहे, माणूस तिथे हात जोडतो. मंगळाईच्या बुरुजावर हात जोडायला देवीच आहे, लढलेल्यांसाठी काही नाही.

विहीरवाला (सातारा)

लेकरा, तुझी कळकळ पोचली. पण बुरूज नवा बांधला तर मग दाखवणार काय? तिथे तट फुटला हीच तिथली गोष्ट आहे. फुटलेला तट हेच प्रयागजीचं स्मारक. तो सरळ, सारखा करून टाकला तर पुढच्या पोराला तिथे उभं करून "इथे सुरुंग उडाला" म्हटलं तर तो विचारेल, कुठे?

करायचं असेल तर वेगळं काम खूप आहे. तटाच्या सांध्यात पिंपळ-उंबर रुजतात. रोप बोटाएवढं असताना मुळासकट काढलं तर निघतं. मनगटाएवढं झालं की त्याची मुळं चिरे सरकवतात, आणि मग नुसतं वरून तोडलं तर दुप्पट जोमाने फुटतं. दुसरं, पाणी. जुन्या तटात पाणी उतरतं आणि चुन्यातून हळूहळू बाहेर पाझरतं. काही ठिकाणी लोक चांगल्या मनाने सिमेंट भरतात. सिमेंट पाणी सोडत नाही. पाणी आत साठतं, भराव फुगतो आणि दोन-चार पावसाळ्यांत भिंतीला पोट येतं. पोट आलेली भिंत मी विहिरीत बघितलीय, ती सांगून पडत नाही. डागडुजी चुन्यानेच करावी, जाणकाराच्या देखरेखीखाली, आणि पडलेले चिरे कोणी घरी नेणार नाहीत एवढी राखण ठेवावी.

लढलेल्यांसाठी काही हवं हे मात्र तुझं बरोबर आहे. एक साधा दगडी फलक पुरे. त्यावर तारीख, प्रयागजी प्रभूचं नाव, आणि आत मेलेल्या माणसांची नावं माहीत नाहीत हेही स्पष्ट लिहावं. अशा फलकासाठी कोणी सह्या गोळा करत असेल तर माझी पहिली सही.

माचीपेठेतली

काका, दुसरी माझी. आमच्या सकाळच्या गटात बरीच माणसं आहेत, विचारते. झुडपं काढायचं काम परवानगी घेऊनच करू.

गावभागातली (सांगली)

सगळ्यांचे आभार. आम्ही जाऊन आलो.

सासरे मारुतीपाशी बसले, पण चहाची थर्मास संपली तशी उठले आणि म्हणाले, चला. मंगळाईपर्यंत सावकाश आले. काठी, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला नातू. वाटेत ताराराणींच्या वाड्यापाशी थांबले, जोत्याच्या दगडावर बसले आणि मुलाकडून वेढ्याची सगळी गोष्ट वदवून घेतली. काकांनी लिहिलं होतं ते मी छापून नेलं होतं, पण त्याचं पाठच झालं होतं. राजाराम महाराज गेले तरी दार उघडलं नाही, हे त्याने आजोबांना दोनदा सांगितलं.

बुरुजावर त्याने आधी करंजे शोधलं. मग चिऱ्याच्या पाठीवरचा चुना सापडला. बोट फिरवून तो मला म्हणाला, "आई, वाळू लागली." मग बराच वेळ पूर्वेचा उतार बघत पोटावर झोपून राहिला, मी त्याचे पाय घट्ट धरून. त्याचं म्हणणं, उताराला मधेच एक सपाट टप्पा आहे, तिथे ती माणसं उभी असतील.

चार भिंतीला सासरे एकटे आत गेले, आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. बाहेर आल्यावर त्यांनी सीताराम गुप्तेंबद्दल विचारलं, वय काय असेल म्हणून. बाप जिवंत आहे, पण कुठे आहे ते माहीत नाही, आणि आपण त्याच्यासाठी मरतोय. असं म्हणून पुढे बोलले नाहीत. गाडीत कराड येईपर्यंत गप्प होते, आणि कराडनंतर मात्र सांगली येईपर्यंत वसंतदादांच्या खांद्याला लागलेल्या गोळीपासून सगळं सांगत राहिले.

यांच्या मित्राला फोटो पाठवलेत. पुढच्या खेपेला ते बरोबर येणार आहेत.

काका, मुलाचा प्रश्न आहे: तो उतार खालून, पूर्वेकडून बघता येतो का? त्याला तट खालच्या माणसाला कसा दिसत असेल ते बघायचंय.

विहीरवाला (सातारा)

येतो. गोडोलीच्या बाजूने वर बघितलं की तो कोपरा दिसतो. सकाळचं ऊन पूर्वेकडून थेट तटावर पडतं, तेव्हा नीट दिसतं, दुपारनंतर ते अंग सावलीत जातं. मुलाला म्हणावं, सपाट टप्पा बरोबर ओळखलास, पण खाली आल्यावर तो टप्पा तटाच्या किती जवळ आहे ते आधी अंदाजाने वहीत लिही आणि मग बघ. वरून बघताना अंतराचा अंदाज चुकू शकतो. पाऊस सुरू व्हायच्या आत या. नंतर गवत कमरेएवढं होतं आणि तटाचा पाया झाकला जातो. येण्याआधी इथे लिहा, मी गोडोलीला येऊन थांबतो.